खिशातला असिस्टेड चाकू आणि अर्धवट माहीत असलेला ‘नऊ इंचाचा नियम’

ठाणे पोलीस आयुक्तालयाचा मनाई आदेश, म्हणजे ठरावीक दिवस काही वस्तू घेऊन फिरायला बंदी, निघाला की त्याची बातमी आपल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते, सण असतो, निवडणूक असते, कुठलं तरी आंदोलन असतं, आणि नवी मुंबईचंही तसंच. बहुतेक लोक ती वाचतच नाहीत कारण वाटतं की हे मोर्चेवाल्यांसाठी आहे, आपला काय संबंध. पण ट्रेकिंगच्या आणि बायकर लोकांच्या ग्रुपवर त्या बातमीखाली एक प्रश्न हमखास येतो, की माझ्याकडे तो फोल्डिंग चाकू आहे, अंगठ्याने जरा ढकलला की खटकन उघडतो तो, पातं साडेतीन इंच आहे म्हणजे नऊ इंचाच्या आतच आहे, मग खिशात ठेवला तर चालेल ना? आणि खाली लगेच उत्तरं येतात, हो रे बिनधास्त ठेव, नऊ इंचापर्यंत लीगल आहे.

हे उत्तर अर्धं खरं आहे आणि त्या उरलेल्या अर्ध्यात चांगल्या घरातली, काहीही वाईट मनात नसलेली पोरं अडकू शकतात, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय. मी तुर्भ्याला गोदामात काम करतो, चाकू-कटर दिवसभर हातात असतो, मला चाकू ही वस्तू मनापासून आवडते, त्यामुळे चाकू वाईट असं मी अजिबात सांगणार नाहीये.

असिस्टेड म्हणजे नेमकं काय

घडीचे चाकू साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला साधा, हाताने उघडायचा, नखाने किंवा अंगठ्याने पातं पूर्ण बाहेर काढायचं, म्हणजे आपला स्विस चाकू किंवा बाजारात मिळतो तो लाकडी मुठीचा. दुसरा बटणाचा, मुठीवरचं बटण दाबलं की आतली स्प्रिंग पातं बाहेर फेकते, पात्याला हात लावायची गरजच नाही. जुन्या हिंदी पिक्चरमधल्या गुंडाचा चाकू म्हटलं की डोळ्यासमोर जो खटकन उघडतो तोच.

असिस्टेड हा या दोघांच्या मधला. यात बटण नसतं. पात्यालाच एक छोटा खुंटा असतो किंवा पात्याच्या मागच्या बाजूला एक लहानसा कान बाहेर आलेला असतो, त्याला फ्लिपर म्हणतात. तो तुम्ही बोटाने दाबता, पातं थोडंसं, म्हणजे साधारण वीस-तीस अंश बाहेर येतं, आणि तिथून पुढचं काम स्प्रिंग करते. हॅचबॅक गाडीची डिकी आठवा, बंद असताना ती बंदच राहते, तुम्ही थोडी वर उचलता आणि एका ठरावीक जागेनंतर ती आपली आपण वर जाते. तसंच हे.

आत बघितलंत तर बहुतेक असिस्टेड चाकूत एक बारीक पोलादी तार असते, मुठीच्या आतल्या पत्र्याला लागून आडवी पडलेली, तिचं वाकडं टोक पात्याच्या भोकात बसवलेलं असतं. तिला टॉर्शन बार म्हणतात. काही चाकूत त्याऐवजी गुंडाळलेली स्प्रिंग असते. गंमत अशी की पातं बंद असताना हीच यंत्रणा पात्याला आत दाबून धरते, आणि तो मधला टप्पा ओलांडला की तीच बाहेर ढकलते. म्हणजे सुरुवातीला बंद राहण्याकडे ओढ आणि नंतर उघडण्याकडे. ही ‘बंद राहण्याकडे ओढ’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अजून एक गोष्ट, कारण यात लोक नेहमी गोंधळतात. पातं उघडल्यावर ते घट्ट राहावं म्हणून जो लॉक असतो तो वेगळा. लायनर लॉक म्हणजे मुठीच्या आतला पत्रा सरकून पात्याच्या मागे अडकतो, बॅक लॉक म्हणजे मुठीच्या पाठीवर दाबायची पट्टी. जोर लावून कापताना पातं उलटं बोटांवर मिटू नये यासाठी लॉक असतो, तो वापरणाऱ्याच्या सुरक्षेसाठी आहे. स्प्रिंगचा त्याच्याशी काही संबंध नाही. साध्या हाताने उघडणाऱ्या चाकूलाही उत्तम लॉक असू शकतो.

हा प्रकार आला कुठून

अमेरिकेतून. तिथे १९५८ साली बटणाच्या चाकूंवर केंद्रीय कायदा आला, त्यांची राज्याराज्यांतली विक्री आणि आयात बंद झाली. मग १९९० च्या दशकात ब्लॅकी कॉलिन्स आणि केन ओनियन या चाकू बनवणाऱ्यांनी अशा यंत्रणा काढल्या की चाकू उघडेल जवळपास बटणाच्या चाकूइतकाच फटकन पण त्याला बटण नसेल, सुरुवात माणसाच्या बोटानेच होईल. ओनियनची यंत्रणा कर्शॉ कंपनीने स्पीडसेफ नावाने बाजारात आणली आणि ती प्रचंड चालली. २००९ साली तिथल्या कस्टम्सने असे चाकूही बटणाच्या चाकूतच धरायचा प्रस्ताव आणला, त्यावर एवढा गदारोळ झाला की संसदेने त्याच वर्षी कायद्यातच दुरुस्ती केली, की ज्या चाकूला बंद राहण्याकडे ओढ आहे आणि जो उघडायला हाताने जोर लावावा लागतो तो बटणाचा चाकू धरायचा नाही.

मग ब्रिटनमध्ये काय झालं तर बरोबर उलटं. तिथे बटणाच्या चाकूवर १९५९ पासूनच बंदी होती, २०१९ च्या कायद्याने व्याख्या इतकी रुंद केली की असिस्टेडही त्यात आले, आणि नुसते घरात ठेवायलाही बंदी झाली.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की यूट्यूबवर आपली पोरं जे रिव्ह्यू बघतात ते जवळपास सगळे अमेरिकन असतात. त्यात तो माणूस सांगतो की हा स्विचब्लेड, म्हणजे बटणाचा चाकू, नाही, हा लीगल आहे, आणि तो खरंच सांगत असतो, त्याच्या देशापुरतं. ‘बटण नाही म्हणून चालतो’ हा मुद्दा त्या एका अमेरिकन कायद्याच्या व्याख्येतून आलेला आहे. आपल्या कायद्यात अशी सूट लिहिलेलीच नाही, त्यामुळे कळव्याच्या नाकाबंदीत फ्लिपर आणि बटण यातला फरक समजावून सांगून काही उपयोग होईल असं धरू नका.

मग नऊ इंच आले कुठून

आपल्याकडे दोन कायदे एकत्र बघावे लागतात. पहिला देशाचा, शस्त्र कायदा १९५९, ज्याला सगळे आर्म्स ॲक्ट म्हणतात. त्याच्या नियमांना जोडलेल्या परिशिष्टात शस्त्रांचे वर्ग आहेत आणि पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, भाला, सुरे वगैरे येतात, ज्यांचं पातं नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद आहे, आणि जे घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले नाहीत. ग्रुपवरचा ‘नऊ इंच लीगल’ इथूनच आला. यात तीन गोष्टी गाळल्या जातात. एक तर रुंदी, दोन इंचांची अट कोणी सांगतच नाही. दुसरं म्हणजे वापराचा हेतू, म्हणजे तुमच्या किचनमधला मोठा सुरा दहा इंची असला तरी तो स्वयंपाकासाठी बनवलाय म्हणून या यादीच्या बाहेर. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, या यादीत न बसणारा चाकू शस्त्र परवान्याच्या भानगडीतून सुटला एवढाच त्याचा अर्थ होतो. तो घेऊन कुठेही, कधीही फिरता येईल असं ते परिशिष्ट कुठेच म्हणत नाही.

शिवाय याच कायद्याच्या कलम ४ प्रमाणे सरकार एखाद्या भागासाठी वेगळी अधिसूचना काढू शकतं. दिल्लीचं उदाहरण बघा. तिथे १९८० सालच्या अधिसूचनेत स्प्रिंगचे, गरारीवाले (दातेरी यंत्रणेवर उघडणारे), बटणवाले आणि ‘इतर कुठल्याही यांत्रिक साधनाने उघडणारे किंवा बंद होणारे’ चाकू धरलेत, पातं ७.६२ सेंटीमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटीमीटर किंवा जास्त रुंद असेल तर. ७.६२ म्हणजे बरोबर तीन इंच. आता आपला साडेतीन इंची असिस्टेड या शब्दांशी ताडून बघा, स्प्रिंग आहे, यंत्रणा आहे, लांबी आहे, रुंदी बहुतेक वेळा आहेच. ठाण्यात कपाटात निवांत पडलेला चाकू राजधानीने दिल्लीला उतरलात की वेगळीच वस्तू होतो. ऑफिसच्या कामाला उत्तरेत जाणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं ठेवा, बॅगेच्या कुठल्या तरी कप्प्यात जुना चाकू राहून गेलेला असतो आणि आपल्याला आठवतही नसतो.

ठाणे-नवी मुंबईत खरा प्रश्न दुसऱ्याच कायद्याचा आहे

दुसरा कायदा आपल्या राज्याचा, महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, आधी याला मुंबई पोलीस कायदा म्हणायचे. कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त सार्वजनिक शांततेसाठी, त्यांना गरज वाटेल तेवढ्या काळापुरता, आपल्या हद्दीत काही वस्तू घेऊन फिरायला मनाई करू शकतात. त्या वस्तूंची यादी वाचा: शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले, दंडुके, बंदुका, सुरे, काठ्या किंवा लाठ्या, आणि शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू. सुरे म्हणजे चाकू आलाच. आणि इंचांचा आकडा कुठेही नाही. तीन इंच, अडीच इंच, काही फरक पडत नाही, लाठीवरसुद्धा मनाई आहे तिथे पात्याची लांबी कोण मोजणार.

हा आदेश मोडला तर कलम १३५ लागतं. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद आणि दंड, आणि कैद चार महिन्यांपेक्षा कमी द्यायची असेल तर कोर्टाला तसं कारण लेखी नोंदवावं लागतं. किरकोळ दंड भरून सुटण्यासारखं हे प्रकरण नाही. स्थानिक बातम्यांत तुम्ही वाचलं असेल, ‘आर्म्स ॲक्ट ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस कायदा ३७(१), १३५ प्रमाणे गुन्हा दाखल’, ही जोडी म्हणजे हेच दोन कायदे.

हे आदेश साधारण पंधरवड्याचे वगैरे असतात, पण एक संपला की दुसरा येतो, गणपती, नवरात्र, ईद, दिवाळी, मग महापालिकेची निवडणूक, मग परीक्षा. वर्षाचा बराच काळ कुठला ना कुठला आदेश लागू असतो असं धरूनच चाला. आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे चालत नाही, कारण आदेश जाहीर झालेला असतो.

त्यात आपल्या भागाची अजून एक अडचण आहे जी पुणे-नाशिकवाल्यांना एवढी जाणवत नाही. आदेश हद्दीप्रमाणे निघतात. ठाणे आयुक्तालयात ठाणे शहर, कळवा-मुंब्रा, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. ऐरोलीपासून वाशी, बेलापूर, खारघर, पनवेल, उरण हे नवी मुंबई आयुक्तालय. मुलुंड चेकनाका ओलांडला की मुंबई. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारचं २०२० पासून वेगळं आयुक्तालय. आणि स्टेशन, प्लॅटफॉर्म, लोकल हे लोहमार्ग पोलिसांचं क्षेत्र. म्हणजे जो माणूस कळव्याला राहतो, ट्रान्स हार्बरने ऐरोलीला ऑफिसला जातो आणि संध्याकाळी मुलुंडला मित्राला भेटून घरी येतो, तो एका दिवसात चार वेगवेगळ्या पोलीस हद्दीतून फिरला. या चारही ठिकाणी आज काय लागू आहे ते रोज सकाळी कोण बघणार? आणि ‘एव्हरीडे कॅरी’ म्हणजे तर रोजच खिशात. इथेच ती कल्पना आपल्या शहरात बसत नाही, मला वाटतं मुद्दा सगळा इथे आहे.

“पण मग नारळवाल्याला का नाही पकडत?”

हा प्रश्न रास्त आहे, आणि रागाने विचारला जातो तरी त्याचं उत्तर सरळ आहे. वाशीच्या एपीएमसीत माथाडी कामगाराच्या हातात लोखंडी हूक असतो, तो गोणीत अडकवून माल उचलतो. हापूसच्या सीझनला पेट्या फोडणाऱ्यांकडे हत्यारं असतात. जांभळी नाक्याच्या बाजारात मावशी कोयत्यावर मासे कापतात. या सगळ्यांची वस्तू, जागा, वेळ आणि काम एकमेकांशी जुळतं. कोणी बघितलं तर प्रश्नच पडत नाही. आर्म्स ॲक्टच्या व्याख्येतही निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेली वस्तू शस्त्र धरलेली नाही.

आता तोच नारळवाला रात्री एक वाजता कोयता कमरेला लावून वर्तकनगरच्या नाक्यावर उभा राहिला तर त्यालाही थांबवतील, आणि थांबवायलाच हवं. याच पोलीस कायद्यात कलम १२२ आहे, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत गुन्हा करायच्या हेतूने धोकादायक हत्यार घेऊन सापडलं तर त्यासाठी. हेतू सिद्ध करावा लागतो हे खरं, पण तोपर्यंत रात्र पोलीस स्टेशनात जाते.

आपल्या गोदामात पट्टी कापायला असिस्टेड वापरला तर? जागा आणि काम जुळतंय, पण तो संध्याकाळी खिशात घालून लोकल पकडली की जुळणं संपलं. आमच्याकडे सगळ्यांचे कटर शिफ्ट संपली की लॉकरमध्ये जातात. कोणाला ते जाचक वाटत नाही.

“ऑनलाइन विकतात, म्हणजे लीगलच असणार”

विकायला परवानगी असणं आणि घेऊन फिरायला परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काठी दुकानात मिळते, तरीही मनाई आदेश असताना काठ्या घेऊन घोळक्याने फिरता येत नाही. वेबसाइटवर ‘कॅम्पिंग’, ‘किचन’, ‘गिफ्ट’ असं काहीही लिहिलेलं असतं, त्या लिहिण्याने तुमच्या खिशातल्या वस्तूचं काही संरक्षण होत नाही. बिल जपून ठेवा एवढं नक्की, चाकू चोरीचा नाही हे तरी त्यातून दिसतं.

“सेल्फ डिफेन्ससाठी ठेवलाय, त्यात चूक काय”

यावर मला जरा थांबून लिहायचंय, कारण हे विचारणाऱ्यांत उशिराच्या शिफ्टवरून येणाऱ्या मुली असतात, महापे-रबाळेच्या एमआयडीसीतून रात्री निघणारी पोरं असतात, आणि त्यांची भीती खरी आहे. स्वतःचा बचाव करायचा हक्क कायद्याने दिलेलाच आहे, भारतीय न्याय संहितेतही तो आहे.

पण आर्म्स ॲक्टमध्ये शस्त्राची व्याख्या काय आहे बघा: हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी शस्त्र म्हणून बनवलेली किंवा तशी तयार केलेली वस्तू. बचावासाठीसुद्धा. म्हणजे पोलिसाने विचारल्यावर ‘साहेब, सेल्फ डिफेन्ससाठी ठेवलाय’ असं ज्याला वाटतं की प्रामाणिक उत्तर दिलं, त्याने खरं तर आपला चाकू फळं कापायची वस्तू नाही, माणसाविरुद्ध वापरायची वस्तू आहे, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. मनाई आदेश लागू असेल तर बाकी काही सिद्ध करायची गरज राहत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी, चाकूने स्वतःला वाचवणं शिकलेल्या माणसालाही जमत नाही. गर्दीत, घाबरलेल्या हाताने, समोरचा अंगावर आलेला असताना फ्लिपर सापडेल, पातं पूर्ण उघडेल, लॉक बसेल आणि तो हिसकावून घेणार नाही, एवढं सगळं जुळून यावं लागतं. झालंच तर वाद हातघाईवरून रक्तापर्यंत जातो आणि मग आपणच आरोपी. फोनमध्ये ११२ आणि रेल्वेचा १३९ स्पीड डायलला असू द्या, घरच्यांना लाइव्ह लोकेशन पाठवा, स्टेशनवरून शेअर रिक्षा गर्दीच्या स्टँडवरूनच धरा. हे ऐकायला साधं वाटतं पण मला माझ्या बहिणीच्या हातात चाकूपेक्षा हे जास्त हवं आहे.

येऊरला नेलात तर तिसरा कायदा

हे फार थोड्या ट्रेकर्सना माहीत असतं. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही, राष्ट्रीय उद्यानालाही तेच लागू, आणि त्या कायद्यात ‘शस्त्र’ या शब्दाच्या यादीत चाकू स्पष्ट लिहिलेला आहे. सापळे, जाळी, विष यांच्याच ओळीत. शिकारीच्या साधनांची ती यादी आहे म्हणून. पनवेलजवळचं कर्नाळा, वसईकडचं तुंगारेश्वर, ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य, सगळीकडे हेच. सॅकमध्ये काकडी कापायला म्हणून टाकलेला चाकू येऊरच्या गेटवर काढायला लावला तर तो वनरक्षक त्रास देतोय असं समजू नका, त्याचं काम करतोय. काकडी घरूनच कापून डब्यात न्या.

मग काहीच ठेवायचं नाही का

घरी ठेवायला, वापरायला, जमवायला साध्या मापाच्या चाकूला आपल्याकडे अडचण नाही. असिस्टेड असला तरी घरातल्या टूलबॉक्समध्ये तो राहू शकतो. गड-किल्ल्यांवर मुक्कामी जाताना, जो भाग अभयारण्यात येत नाही, तिथे सॅकच्या तळाशी, स्वयंपाकाच्या सामानाबरोबर गुंडाळून नेलेला साधा चाकू आणि जीन्सच्या खिशाला क्लिपने अडकवलेला, अर्धा बाहेर दिसणारा काळा चाकू यात बघणाऱ्याला फरक कळतो. मनाई आदेश लागू असताना मात्र सॅकमधलाही जोखमीचाच, त्यामुळे निघायच्या आधी पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतला ताजा आदेश वाचा. त्यात तीनच गोष्टी बघायच्या, कुठून कुठपर्यंत हद्द, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आणि सूट कोणाला. सूट बहुतेक वेळा ड्युटीवर हत्यार बाळगावं लागणाऱ्या सरकारी लोकांनाच असते.

रोजच्या खिशासाठी खरं विचाराल तर काय कापायचं असतं? पार्सलची टेप, दुधाची पिशवी, शर्टाचा लटकलेला दोरा, औषधाच्या बाटलीचं सील. यातल्या एकाही कामाला पातं पाव सेकंदात उघडायची गरज नाही. पात्याशिवायची छोटी मल्टिटूल मिळतात ज्यात कात्री असते, मी म्हणेन तीच घ्या. स्विस चाकूचं ५८ मिलिमीटरवालं छोटं मॉडेल किल्ल्यांच्या जुडग्याला लागतं, त्यालाही छोटं पातं असतं म्हणजे मनाई आदेशाच्या शब्दांतून तोही पूर्ण सुटत नाही, फक्त नखकात्रीशेजारी लटकलेली ती वस्तू बघून कोणाला शस्त्र आठवत नाही. मेट्रो, मॉल इथे मात्र स्कॅनरवर तोही अडवू शकतात. विमानाला तर कुठलाच चाकू केबिनमध्ये नाही, चेक-इनच्या बॅगेत टाका, उलव्याचा आपला नवीन विमानतळ असो की सांताक्रूझ. गेटवर आठवलं तर तो तिथेच सोडून द्यावा लागतो.

असिस्टेड घेतलेलाच असेल तर

बऱ्याच जणांकडे तो आधीच आहे, त्यांच्यासाठी दोन कामाच्या गोष्टी.

खिशात ठेवायचा चाकू म्हणूनही तो जरा बेभरवशाचा असतो. फ्लिपर मुठीच्या बाहेर आलेला असतो, खिशात किल्ल्या असतील किंवा आपण वाकलो तर तो दाबला जाऊ शकतो, आणि एकदा तो टप्पा ओलांडला की स्प्रिंग पातं बाहेर ढकलणार, ते मांडीच्या बाजूला. म्हणून तर कर्शॉच्या लीकसारख्या काही मॉडेलना पात्याच्या टोकाशी एक सरकपट्टी दिलेली असते, ती लावली की पातं उघडत नाही. तुमच्या चाकूला असेल तर ती कायम लावलेली ठेवा. लहान मुलं असतील त्या घरात तर असा चाकू कुलपातच, कारण साधा चाकू उघडायला लहान बोटांना जोर पुरत नाही, असिस्टेडला पुरतो.

पावसाळ्यात आपल्याकडे खाडीची दमट हवा असते, त्यात आतले पत्रे आणि तो टॉर्शन बार आधी गंजतो, पातं नंतर. पातं ज्यावर फिरतं त्या पिव्हटच्या स्क्रूपाशी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका, चार-पाच वेळा उघड-मीट करा, बाहेर आलेलं काळं तेल फडक्याने पुसा. खोबरेल तेल टाकू नका, ते आत चिकट होतं आणि त्याला खिशातला कापूस चिकटून पातं अर्ध्यावर अडकायला लागतं. धार लावायला सायकलवर चाक घेऊन फिरणाऱ्या धारवाल्याकडे दिलात तर त्याला सांगा की हलक्या हाताने आणि मध्ये मध्ये पाण्यात बुडवून, पातळ पातं दगडावर तापलं की त्या जागची धार टिकत नाही.

तो बार बारीक असतो, रोज शंभरदा खटखट उघडणाऱ्यांचा तो एक दिवस तुटतो. तुकडे काढून टाका आणि चाकू परत जोडा, लॉक आधीसारखाच बसतो, पातं अंगठ्याने हळू उघडतं, आणि टेप, दोरी, काकडी सगळं पूर्वीइतकंच नीट कापलं जातं.